ईसीजी नॉर्मल, तरी जीव घाबरतो: ताण, आघात आणि पॅनिक अटॅक

रात्री दोन-अडीचला माणूस दचकून उठून बसतो. छाती धडधडते, दम कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात, ‘जीव जाते आता’ असं वाटतं. घरचे त्याला मोटारसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेतात. ईसीजी निघतो, नॉर्मल येतो. एक इंजेक्शन, एक सलाईन, ‘गॅस आहे’ एवढं सांगणं, आणि सकाळी माणूस घरी. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कोणीतरी बाहेरच्या बाधेचा विषय काढतं.

हा बहुधा पॅनिक अटॅक असतो, म्हणजे अचानक उसळलेल्या भीतीचा झटका. तो आपोआप ओसरतो, साधारण अर्ध्या तासात. पण पुढचा येतो की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्यानंतर घरात आणि गावात काय केलं जातं यावर ठरतं. म्हणून अटॅकच्या वेळी काय करायचं याइतकंच नंतरच्या सहा आठवड्यांत काय करायचं, हेही इथे सविस्तर दिलं आहे.

शरीरात काय होतं

मेंदूत अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोका ओळखायचं काम करतो. धोका वाटला की विचार करायच्या आत तो शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. अ‍ॅड्रिनलीन रक्तात उतरतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, घाम फुटतो, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. वावराच्या कुंपणाला लावलेली झटका मशीन रानडुकराला आणि चुकून आलेल्या बकरीला सारखाच झटका देते, तसंच हे. पॅनिक अटॅकमध्ये समोर रानडुक्कर नसतं, पण झटका खराच बसतो. ‘नाटक करते’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मुंग्या आणि चक्कर यांचं कारण वेगळं आहे. श्वास फार जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. कधी बोटं वाकडी होऊन आखडतात. घरच्यांना हा लकवा वाटतो. माणसाला वाटतं हवा पुरत नाही. प्रत्यक्षात तो जास्तीची हवा घेत असतो. म्हणूनच ‘मोठा श्वास घे, अजून मोठा’ हा गावभर दिला जाणारा सल्ला उलटा पडतो.

अटॅक साधारण १० मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि २० ते ३० मिनिटांत उतरतो. थकवा आणि अंगदुखी मात्र दिवसभर राहू शकते.

ताण कुठून साचतो

ताणातून येणारा अटॅक अनेकदा ऐन संकटात येत नाही. धावपळीत शरीर तग धरतं. माल विकला, पाहुणे गेले, माणूस खाटेवर टेकला की मग येतो. ‘आता तर सगळं ठीक होतं, मग का?’ हा प्रश्न त्यामुळेच पडतो.

विदर्भातल्या कोरडवाहू शेतीत ताणाचं स्वतःचं वेळापत्रक आहे. जूनमध्ये पेरणी आणि पाऊस दडला तर दुबार पेरणी. ऑगस्टपासून फवारण्या. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचा भाव, मग कापसाची वेचणी आणि बोंडअळी. मार्चअखेर बँकेची वसुली. यात लग्न किंवा दवाखान्याचा खर्च आला की सावकाराचं दार. पण पैशाच्या ताणाइतकंच झोपेचं नुकसान घातक ठरतं, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. कृषी पंपाची लाइन रात्रपाळीत आली की ओलित, म्हणजे पिकाला पाणी देणं, रात्री करावं लागतं. रोही (नीलगायी) आणि डुकरं राखायला जागलीवर जावं लागतं. सलग काही रात्री अपुरी झोप झाली की शरीराचा इशारा देणारा भाग जास्तच हळवा होतो.

त्यावर आपण स्वतः काय ओततो, तेही मोजलं पाहिजे:

- खर्रा. तंबाखूतलं निकोटीन आणि सुपारीतली द्रव्यं दोन्ही हृदयाचे ठोके वाढवतात. धडधड झाली की ‘मन शांत करायला’ खर्रा तोंडात टाकणारा माणूस ती धडधड लांबवत असतो.
- उपाशीपोटी चहा. सकाळपासून तीन-चार कप आणि दुपारी दोनला पहिला घास, हा क्रम असेल तर थरथर आणि घाबरणं वाढतं.
- दारू. रात्री घेतलेली दारू पहाटे उतरताना शरीर खवळतं. पहाटे तीन-चारला येणारे अटॅक या उतरणीचे असू शकतात.
- ऊन आणि कमी पाणी. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडलं की ठोके आधीच वाढलेले असतात. मन त्याचा अर्थ ‘काहीतरी बिघडलं’ असा लावतं.

आघात वेगळा कसा

घरात आत्महत्या झाली. ताडोबाच्या आसपास मोहफुलं किंवा तेंदूपत्ता वेचताना वाघाने सोबतच्या बाईला नेलं. शेजारच्या वावरात वीज पडली. अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, विषबाधेतून वाचलेला जीव. अशा घटनेची आठवण मेंदूत सलग गोष्टीसारखी बसत नाही. तुकडे बसतात: कीटकनाशकाचा वास, दोराचा खरखरीत स्पर्श, रुग्णवाहिकेचा आवाज, संध्याकाळची ठरावीक वेळ. पुढे महिन्यांनी तो तुकडा समोर आला की शरीर घटना आत्ता घडतेय असं समजून भोंगा वाजवतं. माणसाला दुवा जाणवतही नाही. कृषी केंद्रात खत घ्यायला गेलेली बाई तिथेच घामाघूम होते, कारण त्या दुकानात तोच वास असतो.

वर्षश्राद्धाच्या आसपास अटॅक वाढू शकतात. त्या पंधरवड्यात घरच्यांनी आधीच सावध असावं.

घटनेनंतरचे पहिले काही आठवडे दचकणं, झोप न लागणं, सारखं तेच डोळ्यासमोर येणं बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. एक महिना उलटूनही भयंकर स्वप्नं, त्या जागा टाळणं, घटना पुन्हा घडल्यासारखी वाटणं, बारीक आवाजाने दचकणं चालूच असेल, तर तो आघातोत्तर ताणाचा आजार, म्हणजे पीटीएसडी, असू शकतो. त्याला तज्ज्ञाचे उपचार लागतात.

एक चूक फार होते. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा, पुढारी आणि पत्रकार बाईला ‘नेमकं कसं झालं ते सांगा’ म्हणतो. घटनेनंतर लगेच माणसाला सगळं सविस्तर सांगायला लावून फायदा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. तिला सांगावंसं वाटलं तर ऐका. एरवी चहा ठेवा, पोरांना जेवू घाला, कागदपत्रांची कामं करा.

आधी हे बघा: पॅनिक नसेल तर?

कोणाचाही पहिला अटॅक घरी बसून ‘पॅनिक’ ठरवायचा नाही. विदर्भात तसाच दिसणारा दुसरा धोका बऱ्याचदा जवळच असतो.

हृदयविकार. छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, गार घाम, चालल्यावर वाढणारं दुखणं. वय चाळिशीपुढे, साखर, बीपी किंवा तंबाखू असेल तर वाट न पाहता १०८. साखर असलेल्यांत आणि बायकांत छाती न दुखताही हृदयविकार येतो. नुसता दम आणि मळमळ असते. पहिल्या तासातला एक नॉर्मल ईसीजी पुरेसा नाही. दुखणं चालू असेल तर पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करायला सांगा.

फवारणीची विषबाधा. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, अंधुक दिसतं, उलटी-जुलाब होतात, स्नायू फडफडतात. पॅनिकमध्ये बाहुल्या मोठ्या असतात आणि तोंड कोरडं पडतं. मोबाइलच्या उजेडात बाहुली पाहू नका, उजेडाने ती तशीही बारीक होते. साध्या प्रकाशात पाहा. शंका आली की कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, उलटी करवू नका, औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. अळीच्या इतर औषधांची लक्षणं वेगळी असू शकतात, म्हणून बाहुल्या नीट दिसल्या तरी फवारणी झालेल्या माणसाला घरी ठेवू नका.

मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली तर अनेकदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही. रात्रीच्या ‘घाबरण्यात’ पापण्या उतरत असतील तर तो पॅनिक अटॅक नव्हे. मांत्रिकाकडे एक मिनिट घालवू नका, थेट ग्रामीण रुग्णालय.

ऊष्माघात. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध. पॅनिकमधला माणूस कितीही घाबरला तरी स्वतःचं नाव, गाव, वार बरोबर सांगतो.

याशिवाय: साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली आलेली असू शकते. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. पूर्व विदर्भात सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखून ताप असेल तर लगेच दवाखाना. दमा, थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांतही धडधड होते. म्हणून अटॅक पुन्हा येत असतील तर हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या. नंतर दर अटॅकला सगळ्या तपासण्या पुन्हा करत बसू नका. त्याने भीतीलाच खतपाणी मिळतं.

अटॅक आला त्या वेळी

डॉक्टरांनी एकदा तपासून ‘हा पॅनिक अटॅक’ असं सांगितलेल्या माणसासाठी ही पद्धत आहे.

१. गाडी, ट्रॅक्टर चालवत असाल तर बाजूला थांबवा. विहिरीच्या काठावर किंवा शिडीवर असाल तर खाली या. एवढं सोडून आहात तिथेच राहा. पळून घरी आलात तर मेंदू शिकतो की ती जागाच धोक्याची होती.

२. बसा, पाय जमिनीला टेकवा, गळ्याभोवतीचं सैल करा. घड्याळात वेळ पाहून ठेवा.

३. मनात म्हणा: हा पॅनिक अटॅक आहे, दहा मिनिटं वाढेल, मग उतरेल. तो थांबवायची झटापट केली की तो लांबतो.

४. नाकाने श्वास आत, मनात चार अंक. तोंडाने हळू बाहेर, सहा अंक. हात पोटावर ठेवा. छातीऐवजी पोट हललं पाहिजे. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं करा. चार अंक जमत नसतील तर तीन आत, चार बाहेर. सोडणं लांब हवं, एवढंच जपा. तोंडावर कागदी किंवा प्लास्टिकची पिशवी कधीच धरू नका. दमा किंवा हृदयविकार असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

५. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यावर जास्तच घाबरायला होतं. त्यांनी मोजणं सोडून द्यावं आणि आजूबाजूला पाहावं: दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. नावं मोठ्याने घ्या.

६. आघाताची आठवण उसळली असेल तर आजचा वार, तारीख आणि जागा मोठ्याने बोला: ‘आज मंगळवार आहे. मी आपल्या अंगणात बसली आहो. ते मागच्या वर्षी झालं.’ तोंडावर गार पाणी मारल्यानेही माणूस वर्तमानात येतो.

जवळ एक, फार तर दोन माणसं पुरेत. बाकीचं गाव अंगणाबाहेर. सोबतच्याने हळू आवाजात, थोडंच बोलावं: ‘भाऊ, मी इथंच आहो. घड्याळाकडं पाहा. उतरते हे.’ ‘घाबरू नको’ हे शंभरदा म्हणून काही होत नाही. कांदा, चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, हातपाय दाबून धरणं हे काही करू नका. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका, विशेषतः अत्याचार सोसलेल्या बाईच्या.

ओसरल्यावर

इथेच बहुतेकांचं चुकतं. सलाईनची बाटली अर्ध्या-पाऊण तासात संपते, अटॅकही तेवढ्यातच उतरतो, आणि श्रेय सलाईनला जातं. मग मनात पक्कं बसतं की सलाईन नसती तर मेलो असतो. लिंबू-अंगाऱ्याचंही तसंच. देवावर श्रद्धा असेल तर देवळात जरूर जा. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळीने बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

त्या दिवशी वेळेवर जेवा, पाणी प्या, हलकं काम करा. दिवसभर खाटेवर पडून नाडी तपासत बसू नका. दुसऱ्या दिवशी ज्या जागी अटॅक आला तिथे कोणालातरी घेऊन पाच मिनिटं का होईना जाऊन या.

एक वही करा. तारीख-वेळ, जागा, आधीच्या तासाभरात काय घडलं-खाल्लं-प्यालं, आदल्या रात्रीची झोप, अंगात पहिलं काय जाणवलं, किती मिनिटं चाललं. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला लिहायला सांगा किंवा मोबाइलवर बोलून ठेवा. चार-पाच नोंदी झाल्या की एखादा धागा दिसू लागतो: रात्रपाळीच्या ओलितानंतरचा दिवस, बँकेचा फोन, एखादा वास. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या. पाच मिनिटांच्या तपासणीत ती मोठं काम करते.

पुढचे सहा आठवडे

अटॅकपेक्षा अटॅकची भीती माणसाला जास्त पांगळं करते. आधी बाजार सुटतो, मग एसटी, मग एकट्याने वावरात जाणं. महिनाभर अशी धास्ती राहिली आणि अटॅक परत परत येत राहिले, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. यावरचा उपाय म्हणजे टाळलेल्या जागी पायरीपायरीने परतणं.

वावराची भीती बसली असेल तर पायऱ्या अशा: पहिले चार दिवस सोबत घेऊन धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जाऊन १५ मिनिटं थांबणं. मग सोबतच्याने धुऱ्यावर थांबून तुम्ही आत जाणं. मग तासभर निंदण. मग सोबत्याला घरी ठेवून फोनवर. शेवटी एकट्याने. प्रत्येक पायरीवर धडधड वाढेल; ती निम्मी उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. शिगेला असताना निघालात तर भीती पक्की होते, आणि पद्धत फसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. दुसरं कारण म्हणजे एकदम वरची पायरी गाठणं. तिसरं, खिशात गोळी ठेवल्याशिवाय बाहेर न पडणं: मग धीर गोळीला मिळतो, तुम्हाला नाही.

ज्यांना धडधडीचीच भीती आहे त्यांनी ती मुद्दाम आणून पाहावी. जागेवर एक मिनिट धावा, किंवा स्वतःभोवती अर्धा मिनिट गिरक्या घ्या, आणि ती आपोआप कशी उतरते ते बसून बघा. हृदयविकार, दमा, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर हे करू नका. आघाताच्या जागेवर परतणंही, माणूस मधेच सुन्न होत असेल किंवा त्याचं भान हरपत असेल, तर समुपदेशकाशिवाय सुरू करू नये.

सोबतीला: चहा दोन कपांवर, तोही खाल्ल्यानंतर. खर्रा आठवड्यागणिक कमी. रोज दारू पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. थरथर, भ्रम आणि फिट येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी. रात्रीचं ओलित भावाशी किंवा शेजाऱ्याशी आलटूनपालटून घ्या, म्हणजे सलग दोन रात्री जागरण होणार नाही.

आणि कर्जाचा ताण श्वास मोजून जात नाही. सगळी देणी एका कागदावर लिहा: कोणाचं, किती, व्याज काय, कधीपर्यंत. पीक गेलं असेल तर बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज द्या. विनापरवाना सावकाराने त्रास दिला, जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते.

दवाखाना आणि औषधं

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे; २०२२ पासून सुरू असून चोवीस तास मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि सेवाग्रामचं रुग्णालय इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. कुठे जायचं हे कळत नसेल तर आशाताईंना विचारा.

जगणं नको वाटतं का, असं सरळ विचारा. विचारल्याने कोणी तसं करत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच क्षणी घरातली सगळी कीटकनाशकं दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका आणि १४४१६ लावा. विष पोटात गेलं असेल तर १०८.

औषधांत एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारखी मुख्य असतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्या आठवड्यात घाबरणं थोडं वाढू शकतं, म्हणून डॉक्टर कमी मात्रेपासून, जसं एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅमपासून, सुरुवात करतात. याच टप्प्यावर बरेच लोक ‘उलटं पडलं’ म्हणून गोळी फेकून देतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी लगेच बरं वाटतं, पण सवय लागते. त्या थोड्याच आठवड्यांसाठी असतात आणि मेडिकलवाल्याला सांगून स्वतः चालू ठेवायच्या नसतात. महिनोनमहिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका. धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल दिलं जात असेल तर दमा असल्याचं आधी सांगा.

बरं वाटल्यानंतरही मुख्य औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालतं, मग डॉक्टर ते काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. ही उतरण पेरणीच्या, वसुलीच्या किंवा वर्षश्राद्धाच्या महिन्यात सुरू होणार नाही, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठरवून घ्या.